लोणीच्या वाटेवर



नगरकडून शिर्डीला निघालात की कोल्हारला प्रवरेचा पूल लागतो. पुढे बाभळेश्वरला मोठा रस्ता सोडून संगमनेरच्या वाटेला वळा. थोड्याच वेळात लोणी आणि प्रवरानगर येते. गळिताच्या हंगामात गेलात तर उसाने भरलेल्या गाड्यांची रांग दिसेल आणि मळीचा वास दुरूनच येईल. देवदर्शनाच्या वाटेवर हेही ठिकाण मुद्दाम पाहून घ्या.

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना इथे उभा राहिला. त्याची सुरुवात मात्र साखरेपासून झालेली नाही. १९२३ साली विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतसंस्था काढली. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा, हा हेतू. एकमेकांना जामीन राहावे, घेतलेले कर्ज वेळेवर फेडावे, हे शिक्षण आधी झाले. कारखान्याची नोंदणी झाली ती १९४८ साली आणि पहिले गाळप १९५० च्या अखेरीस. भागभांडवल गोळा करण्यासाठी विखे पाटील गावोगाव हिंडले. अध्यक्षपद मात्र अर्थशास्त्राचे जाणकार धनंजयराव गाडगीळ यांना दिले. ज्याला जे कळते त्याच्या हाती ते काम, असा तो सरळ हिशेब होता.

कारखान्याच्या वजनकाट्यापाशी जरा थांबा. ज्याचा ऊस जास्त, त्याला पैसा जास्त. यात वावगे काही नाही. पण वार्षिक सभेत हा काटा चालत नाही. दोन एकरवाला असो की चाळीस एकरवाला, प्रत्येकाला मत एकच. सहकारी संस्था आणि खासगी कंपनी यांतला खरा फरक हाच.

ही रीत जुनी आहे. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी अठ्ठावीस सामान्य माणसांनी किराणा दुकान काढले. चोख माल, पुरते माप, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी आणि माणशी एक मत, असे त्यांचे नियम होते. पुढे सभासदांच्या शिक्षणासाठीही ते नफ्यातला वाटा बाजूला काढू लागले. प्रवरानगरला १९६४ साली निघालेली शाळा पाहिली की हेच तत्त्व आठवते.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या राज्यात कित्येक सहकारी कारखाने आजारी पडले, काही विकलेही गेले. कारणे अनेक आहेत. पण सभासदाने सभेला न जाता घरबसल्या हजेरीवहीत सही केली, तर त्याचे मत दुसऱ्याच्याच खिशात जाते. मग तक्रार कोणाकडे करायची?

संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी असा कायदा आहे. अहवाल आधी मागून घ्या. थकबाकी किती, हिशेब तपासनीसाने कोणते दोष दाखवले, ते घरी मुलाकडून किंवा सुनेकडून वाचून घ्या. सभेत उठून एक तरी प्रश्न विचारा. घरातल्या बाईच्या नावावर भाग असेल, तर तिलाच सभेला पाठवा. मत तिचे आहे.