दिवेलागण किती वाजता?

गणपती गेले की आमचे पेण जरा पाय पसरून बसते. कारखान्यांतली धावपळ थांबते, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरच्या बाईलाही दुपारी घटकाभर आडवे व्हायला मिळते. २०२५ च्या सप्टेंबरात मी अशीच पाठ टेकली होती, तोच रोह्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "घाबरू नकोस हं, पण तुझी आई काल संध्याकाळी मागच्या पायरीवरून पडली."

वडखळ, नागोठणे करीत रोह्याला पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. देवाची कृपा, हाड मोडले नव्हते. मनगट मात्र चांगलेच सुजले होते. पण पडली कशी? गेली चाळीस वर्षे त्याच पायरीवरून ती तुळशीपाशी निरांजन घेऊन जाते.

"काळोख होता गं. पायरी दिसलीच नाही," आई म्हणाली.

"आणि तो दिवा?"

ती काही बोलली नाही. त्या दिव्याची कथा अशी की, तो जूनमध्ये मीच बसवून घेतला होता. आई एकटी असते, बटण दाबायला विसरली तर? म्हणून वेळ झाली की आपोआप लागणारा दिवा. वेळ लावली सव्वासात. जूनच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य मावळतो तोच मुळी सव्वासातच्या सुमारास, तेव्हा ते बरोबरच होते. वर मी बजावलेही होते, "आता तू बटणाला हात लावायचा नाही."

मग पावसाळा आला. आभाळ भरलेले, दुपारीसुद्धा घरात अंधारलेले. दिवस आखडत चाललाय हे कळणार कसे? सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या आतच मावळू लागला, आणि माझा शहाणा दिवा आपला सव्वासातची वाट पाहत बसला!

आठवडाभर मी तिथेच राहिले. सर्वपित्रीला भाऊ आला, बाबांचे पान ठेवले. दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला घटस्थापना. सकाळी जरा उघडीप होती. हात गळ्यात बांधून बसलेली आई एकदम म्हणाली, "बघ, ऊन दारातून सरळ आत आलं. दिवस-रात्र सारखी झाली."

घर पूर्वाभिमुख. जूनमध्ये ऊन दाराच्या डाव्या अंगाने तिरपे येते, डिसेंबरात उजव्या अंगाने. मध्ये दोनदा, मार्चच्या २०-२१ ला आणि सप्टेंबरच्या २२-२३ ला, सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. हाच विषुवदिन. आईने हे पुस्तकात वाचलेले नाही. घर झाडता झाडता पाहिलेले आहे.

त्या दिवशी आपल्याकडे सूर्य साधारण ६ वाजून २७ मिनिटांनी उगवतो नि ६ वाजून ३३ ला मावळतो. म्हणजे दिवस बारा तासांहून थोडा मोठाच! हवेमुळे सूर्यकिरण वाकतात, त्यामुळे सूर्य खरोखर वर येण्याआधीच आपल्याला दिसू लागतो. अगदी बारा तासांचा दिवस त्यानंतर साधारण आठवडाभराने येतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. संध्याकाळ सर्वांत लवकर होते ती डिसेंबरच्या लहान दिवशी नव्हे, तर नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या सुमारास. २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान, सुमारे अकरा तासांचा. पण तोपर्यंत सूर्यास्त पाच-सहा मिनिटे पुढे सरकलेला असतो. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराउशिराच उजाडत राहते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, त्याला शिकलेले लोक हसतात, की वाढ तर तीन आठवडे आधीच सुरू झाली! पण काळोखात उठून डबे करणाऱ्या बाईला विचारा. तिची सकाळ संक्रांतीनंतरच लवकर उजाडू लागते. म्हण करणारी बाई पहाटे उठणारीच असली पाहिजे, असे मला वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी मी दिव्याची वेळ बदलायला स्टुलावर चढले. आई म्हणाली, "किती वेळा बदलशील? ते घड्याळच काढ त्याचं."

"अगं, पण तू विसरलीस तर?"

"मी कधी विसरले होते? तळहाताच्या रेषा दिसेनाशा झाल्या की दिवा लावायचा, माझ्या सासूबाईंनी शिकवलंय. तू हात लावू नकोस म्हणालीस, म्हणून नाही लावला."

मला काय बोलावे ते सुचेना. तिच्या काळजीपोटी मी तिची सवयच काढून घेतली होती. मुकाट्याने घड्याळ काढले, बटण दाराशी तिच्या हाताला येईल असे बसवून घेतले आणि पायरीच्या कडेला पांढरा रंग लावला.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा आपोआप लागणारा दिवा असेल, तर ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर लागला की त्याची वेळ आठवणीने मागे घ्या. आणि घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर आधी त्यालाच विचारा.

आता रोज तिन्हीसांजेला रोह्याहून फोन येतो, "लावलास का गं दिवा?" आणि मी पेणच्या स्वयंपाकघरात तळहात डोळ्यांसमोर धरून म्हणते, "थांब हं, अजून रेषा दिसताहेत."