बावीस ब्रासमागे दोन ग्रॅम

मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळच्या मझगवाँच्या खाणीत शंभर टन खडक फोडला की त्यातून सुमारे दहा कॅरट हिरे निघतात. दहा कॅरट म्हणजे दोन ग्रॅम. धाराशिवच्या हिशेबाने शंभर टन म्हणजे वीस-बावीस ब्रास दगड, पाच-सहा हायवा भरून. तुळजापूर रस्त्यावरच्या एका खडी केंद्रावर मी काही वर्षे हिशेब लिहिला, त्यामुळे दगड मला ब्रासमध्येच मोजता येतो. पाच कोटी भाग दगड आणि एक भाग माल, असा धंदा चालतो तरी कसा, ते डोळ्यांनी बघायचे म्हणून करोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यात मी पन्ना गाठले.

आमच्याकडची खाण साधी. वरची माती आणि मुरूम काढायचा, मधला भुसभुशीत मांजऱ्या बाजूला करायचा आणि खालच्या काळ्या पाषाणाला हात घालायचा. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने भोके पाडतात, त्यांत जिलेटिन भरतात. लाल झेंडे लागतात, भोंगा वाजतो, माणसे लांब जातात आणि सुरुंग उडतो. धूळ बसली की पोकलेन पुढे सरकते. क्रशरच्या जबड्यातून निघालेला दगड चाळण्यांवरून चाळीस, वीस, दहा मिलिमीटरची खडी होऊन पडतो. उरलेली कचही विकली जाते, आता तर वाळूच्या जागी क्रश सँडच चालते. टाकून द्यायचे असे फार थोडे. सरकारला ब्रासमागे 600 रुपये स्वामित्वधन जाते.

खाणीवर एक वयस्कर वडार गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत. दगड फोडण्याआधी ते सुतकीने त्यावर ठोकत. आवाज खणखणीत आला तर दगड सलग, बद्द आला तर आत चीर. "आवाज ऐक, मग घाव घाल," असे नव्या पोरांना सांगत. त्यांच्या वडिलांनी जाती आणि पाटे-वरवंटे घडवले होते. मशीन आल्यावर मामा डबर फोडायला लागले.

खाणीवरची पोरे कधी कधी मुठीत काहीतरी लपवून आणायची. उघडली की आत लखलखणारे स्फटिक. "काका, हिरा हाय का ह्यो?" बेसाल्टच्या पोकळ्यांत असे स्फटिक सर्रास सापडतात. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट ही त्यांची नावे मला फार नंतर कळली. हिरा मात्र इथे मिळणार नाही, आणि त्याचे कारण पायाखालीच आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेला. 1993च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल छिद्र घेतले तेव्हा 338 मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, ग्रॅनाइटसारखा जुना खडक त्याच्याही खाली होता. हिरा तयार होतो दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोलवर. तिथून तो वर येतो तो अतिप्राचीन भूखंड फोडून वेगाने वर आलेल्या विशिष्ट लाव्ह्याबरोबर. त्याचा जो नळ मागे उरतो, तो गाजरासारखा वर रुंद आणि खाली निमुळता असतो.

मझगवाँचा नळ सुमारे शंभर कोटी वर्षांचा. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याने खाणीच्या कडेला पोहोचलो तेव्हा पहिल्यांदा दिसल्या पायऱ्या. प्रचंड खड्ड्याच्या भिंती टप्प्याटप्प्याने खाली उतरत होत्या, त्यांच्या अंगाने रस्ता वळत तळाशी गेला होता आणि त्यावर डंपर चढत होते. खडक हिरवट-करडा, आमच्या पाषाणापेक्षा ठिसूळ. काम तेच: भोके, सुरुंग, भरणी, वाहतूक, क्रशर. मी ओळखीच्या आवाजांत उभा होतो.

वेगळेपण क्रशरनंतर सुरू होते. आम्ही जिथे माल मोजायला घेतो, तिथे त्यांचा शोध सुरू होतो. फोडलेला खडक धुऊन, चाळून फेरोसिलिकॉनची पूड मिसळलेल्या जड पाण्यात सोडतात. हलका दगड वर तरंगतो, हिरा आणि इतर जड खनिजे तळाला जातात. मग क्ष-किरणांखाली हिरा चमकतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. ग्रीस लावलेल्या पट्ट्याचीही जुनी युक्ती आहे. पाणी हिऱ्याला धरत नाही, म्हणून ओला दगड वाहून जातो आणि हिरा ग्रीसला चिकटतो. शेवटी माणसाची नजर हिऱ्यांचे दागिन्यांचे आणि औद्योगिक असे गट पाडते. बाकी सगळा खडक टाकाऊ ठरतो.

ही खाण राष्ट्रीय खनिज विकास निगमाची, म्हणजे एनएमडीसीची, आणि ती गंगऊ अभयारण्याच्या हद्दीत आहे. त्यामुळे पर्यावरणाच्या परवानग्यांवर तिचे सारे अवलंबून. 2005मध्ये ती बंद झाली, 2009मध्ये सुरू झाली. 2020च्या अखेरीस पुन्हा थांबली आणि 2024मध्ये परत चालू झाली.

हिऱ्यांच्या खाणींशी आमच्या जिल्ह्याचा एक जुना धागा आहे. 2023पर्यंत धाराशिवचे उस्मानाबाद हे नाव ज्या मीर उस्मान अली खान निजामावरून चालले, त्याच्याकडे 184.75 कॅरटचा जेकब हिरा होता आणि तो त्याचा कागद दाबायला वापर करी. 1995मध्ये भारत सरकारने निजामाचे 173 दागिने 218 कोटी रुपयांना घेतले, त्यांत तो आला. हा हिरा गोवळकोंड्याचा नव्हे, दक्षिण आफ्रिकेचा. तिथल्या किंबर्लीत 1871 ते 1914 या काळात मजुरांनी कुदळ-फावड्याने सुमारे सव्वादोन कोटी टन माती-खडक उपसला आणि हिरे निघाले 2,720 किलो. खड्डा अजून आहे. त्यात किती माणसे दगावली याची नोंद हिऱ्यांच्या नोंदीइतकी काटेकोर ठेवली गेली नाही.

पन्नाहून परतताना माझ्या मनात त्या पायऱ्याच होत्या. प्रत्येक टप्प्याची उंची, उतार, रस्त्याची रुंदी आणि पाण्याचा उपसा ठरवायला तिथे अभियंते नेमलेले असतात. सुरुंग लावणाऱ्या दगडखाणीलाही खाणसुरक्षेचा कायदा लागू आहे. तरी आमच्याकडच्या कितीतरी खाणींत कडा सरळ उभा तासलेला असतो आणि खाली माणूस काम करत असतो. हेल्मेट दिसले तर नशीब. धुळीने छाती भरते आणि कामगाराची तपासणी होत नाही. दोन ग्रॅमसाठी पायऱ्या करता येतात, तर ज्या दगडावर आमचे रस्ते, शाळा आणि पूल उभे राहतात त्यासाठी त्या का करता येऊ नयेत, हा प्रश्न मी तेव्हापासून जिथे बोलायला मिळते तिथे विचारतो.

पोरांचाही प्रश्न आहेच. 1997पासून पुण्याजवळच्या वाघोली भागात ॲड. बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांच्या 'संतुलन' संस्थेने खाणीवरच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवल्या. रेगे स्वतः खाणकामगाराच्या घरातले. शाळा खाणीवरच आली तर मुले बसतात, हे त्यांनी दाखवून दिले. धाराशिवच्या खडी केंद्रांवर अशी एक तरी शाळा हवी.

आणि हवे आहेत ते बंद खाणींचे हिशेब. खाणपट्टा संपला की मशीन निघून जाते आणि मागे पंधरा-वीस मीटरचा खड्डा राहतो. पावसाळ्यात तो भरतो, पोरे पोहायला उतरतात. आमचा जिल्हा पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारा. ग्रामपंचायतीने कुंपण घालून, एक बाजू उतरती करून, पाणी तपासून घेतले तर तोच खड्डा गुरांना आणि शेतीला आधार देऊ शकतो. स्वामित्वधनाच्या रकमेतला थोडा वाटा त्या त्या गावाला याच कामासाठी मिळावा, असा अर्ज आमच्या गावच्या ग्रामसभेपुढे मी मांडला आहे. बंद पडलेल्या खाणींची यादी आणि त्यांची खोली लिहायला तरुण पोरे आता फिरत आहेत.