रानमोडी उपटण्याचे दिवस

भातं झोडून झाली की कोकणात माझं लक्ष रानमोडी या तणाकडे वळतं. दिवाळी ते संक्रांत, एवढाच अवधी. जांभ्याच्या उतारावरची माती तेव्हा आतून ओलसर असते. मूळ ओढलं की येतं. माघात तीच माती अशी आवळते, की झाड हातात तुटतं आणि मुळावरची गाठ जमिनीतच राहते. मृगाच्या सरींनी त्या गाठीला पुन्हा धुमारे फुटतात. म्हणून नुसती कोयती चालवून बेणणं मला मान्य नाही. बाग दोन दिवसांत मोकळी दिसते, पावसाळ्यानंतर आधीपेक्षा दाट होते. वणवा लावला तरी तेच.

झाड ओळखायला सोपं. पानं समोरासमोर, पानावर त्रिशूळासारख्या तीन शिरा, चुरगळलं की उग्र वास. सगळे फांदे जमिनीलगत मुठीत धरायचे, इकडेतिकडे हलवून मूळ सैल करायचं आणि सावकाश सरळ वर ओढायचं. हिसका द्यायचा नाही. बारीक मुळं सुटताना हाताला कळतात. उपटलेलं झाड मुळं वर करून गडग्यावर ठेवायचं, म्हणजे दवाच्या ओलीवर पुन्हा धरत नाही. खाली किंजळीचं किंवा कुड्याचं रोप दबलेलं सापडतं. ते सांभाळणं हेही याच कामात आलं.

रानमोडी मूळची अमेरिका खंडातली. कापल्या बोटाला तिचाच पाला चोळून आपण रक्त थांबवतो, हा तिचा गुण खरा. फुलांवर फुलपाखरं येतात, मग कशाला काढता, असंही विचारतात. येतात खरी. काळ्या अंगावर फिकट निळे ठिपके असलेल्या फुलपाखरांचे नर तिच्यातली अल्कलॉइड शोषायला जमतात. पण तीच द्रव्यं आपल्या खुळखुळ्याच्या झाडातही असतात, आणि रानमोडीच्या गचपणात खुळखुळा जगत नाही. मी तो बांधावर मुद्दाम राखतो.

पौषात पांढरट जांभळे तुरे येतात. ते वाळले की म्हातारीसारखं केसाळ बी वाऱ्यावर निघतं, कपड्यांना आणि गुरांच्या अंगालाही चिकटतं. एका झाडाचं हजारोंनी.

दिवाळीला गावी याल तेव्हा दोन दिवस जास्त राहा. पाणंदीच्या कडेची रानमोडी आधी काढा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा फिरा. जुनं बी रुजलेलं असतंच.