आधी ऑक्सिजन

निकेलच्या ऑक्साइडवर क्ष-किरण सोडले की मी आधी ऑक्सिजनचा वर्णपट बघतो, निकेलचा नंतर. निकेलचे इलेक्ट्रॉन कसे वागतात याचा पत्ता शेजारच्या अणूकडे जास्त नीट लागतो.

कागदावर निकेल आणि तांबं सख्खी भावंडं ठरतात. निओडिमियम निकेलेट या निकेलच्या ऑक्साइडमधल्या तीन ऑक्सिजनांपैकी एक काढला की निकेलच्या डी-कक्षेत नऊ इलेक्ट्रॉन राहतात. अतिवाहकतेसाठी १९८६पासून गाजलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांतही, मूळ रूपात, नऊच. २०१९मध्ये स्टॅनफर्डला हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटाने या निकेलेटचा स्ट्रॉन्शियम मिसळलेला पातळ थर कॅल्शियम हायड्राइडबरोबर तापवून तो ऑक्सिजन काढला आणि ९ ते १५ केल्विनला अतिवाहकता मिळवली.

तरी मी निकेलला दुसरं तांबं म्हणत नाही. ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अलीकडे ऑक्सिजनच्या आलेखात एक छोटं शिखर येतं; धातू आणि ऑक्सिजन किती मिसळलेत ते त्यावरून कळतं. तांब्याच्या अतिवाहकांत ते स्पष्ट असतं, ऑक्सिजन काढण्यापूर्वीच्या निकेलेटमध्ये तर चांगलंच उंच. ऑक्सिजन काढला की ते जवळजवळ पुसलं जातं. स्ट्रॉन्शियम घातल्यावर तयार होणारी विवरं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, बहुतांशी निकेलवरच बसतात, ऑक्सिजनचा वाटा थोडाच वाढतो. त्यात निओडिमियमचे इलेक्ट्रॉनही वहनात उतरतात. तांब्यात असं काही नाही.

हे शिखर वाचताना घाई चालत नाही. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले तर वरचे काही नॅनोमीटरच दिसतात. प्रतिदीप्ती मोजली तर थराखालच्या आधाराचा, स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा, ऑक्सिजनही बोलू लागतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवल्याशिवाय मी मत देत नाही.

निओडिमियमऐवजी लँथॅनम असलेले नमुने आणखी अवघड. त्याचं एक प्रचंड शिखर ८५० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, नेमकं निकेलच्या शिखराला चिकटून येतं. आणि २०२३पासून सगळ्यांचं लक्ष आहे ते लँथॅनमच्याच दुहेरी थराच्या निकेलेटवर: १४ गिगापास्कलच्या वर दाबलं की ८० केल्विनजवळ अतिवाहक. तिथे दोन थरांना जोडणारा ऑक्सिजन महत्त्वाचा, पण दाब देणाऱ्या हिऱ्यांतून माझे मृदू क्ष-किरण पारच होत नाहीत. आता याच पदार्थाच्या आवळलेल्या पातळ थरांत दाबाविनाही अतिवाहकता दिसू लागली आहे. हिरा मध्ये नसेल, तर त्या ऑक्सिजनकडे थेट बघता येईल.