आखूड चालीचा हिशेब

आजच्या मोटारीत चालक आणि यंत्र यांच्यातला बराचसा व्यवहार मध्यस्थांमार्फत चालतो. स्टिअरिंगला विजेच्या मोटरचे साहाय्य असते आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल बहुधा एका सेन्सरला सूचना देण्यापुरतेच उरले आहे. हाताने टाकायच्या गिअरचा दांडा मात्र अजूनही यंत्राच्या पोटातले लोखंड प्रत्यक्ष हलवतो. म्हणूनच कंपनीने बसवलेला दांडा काढून त्या जागी बाजारात मिळणारा आखूड चालीचा दांडा बसवण्याची हौस वाहनप्रेमींमध्ये टिकून आहे. चाल म्हणजे एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना दांड्याच्या मुठीला कापावे लागणारे अंतर. ते कमी झाले की गाडी अधिक चपळ झाल्यासारखी वाटते. गिअरबॉक्स मात्र होता तसाच राहतो. बदलतो तो हाताचा आणि त्याचा हिशेब.

हा हिशेब माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीत विशेष स्पष्ट दिसतो. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही गाडी 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिचे इंजिन पुढे लांबीच्या दिशेने बसवलेले असून शक्ती मागच्या चाकांना जाते, त्यामुळे गिअरबॉक्स दोन आसनांच्या मधोमध येतो आणि दांडा थेट त्याच्या माथ्यातून आत उतरतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना अ‍ॅल्युमिनियमची एक ताठ चौकट जोडून ठेवते. दांडा थेट गिअरबॉक्सवर बसलेला असल्याने इंजिन हादरले तरी तो गिअरबॉक्सबरोबरच हलतो आणि दोघांत अंतर पडत नाही. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि दांड्याची हालचाल दोन केबलींमधून गिअरबॉक्सपर्यंत न्यावी लागते. तिथे दांडा बदलला तरी केबलींच्या टोकांचा ढिलेपणा तसाच राहतो.

शालेय विज्ञानाच्या भाषेत गिअरचा दांडा ही एक तरफ आहे. मधला गोळा हा तिचा टेकू, वरची मूठ ही बल लावण्याची जागा आणि खालचे टोक गिअर निवडणाऱ्या सळईला ढकलणारे. समजा, टेकूच्या वरचा भाग 200 मिलिमीटर आणि खालचा 40 मिलिमीटर आहे, म्हणजे प्रमाण पाचास एक आहे. अशा वेळी खालचे टोक 12 मिलिमीटर सरकण्यासाठी मुठीला 60 मिलिमीटर सरकावे लागेल. खालचा भाग 50 मिलिमीटर केला की प्रमाण चारास एक होते आणि मुठीची चाल 48 मिलिमीटरवर येते. मात्र चाल पाचव्या हिश्शाने घटली की हाताला लागणारे बल सव्वापट होते. अडकित्त्याचे दांडे आखूड केले तर सुपारी फोडायला जोर अधिक लागणारच.

हे अधिकचे बल कुठे खर्ची पडते, हे सिंक्रो रिंगकडे पाहिले की कळते. गिअर आणि त्याला शाफ्टशी जोडणारा सरकता स्लीव्ह यांच्या फिरण्याच्या वेगात फरक असताना ते एकमेकांत बसवू गेल्यास दातांवर दात घासून कर्कश आवाज होतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक गिअरजवळ बहुधा पितळी, आतून निमुळते असे एक कडे, म्हणजेच सिंक्रो रिंग, असते. स्लीव्ह ते कडे गिअरच्या शंकूवर दाबतो, घर्षणाने दोन्हींचे वेग जुळतात आणि तोवर कडेच स्लीव्हला अडवून धरते. वेग जुळायला किती वेळ लागेल, हे स्लीव्हवरच्या दाबावर अवलंबून असते. म्हणून आखूड दांडा पूर्वीइतक्याच जोराने ढकलला तर कड्यावरचा दाब घटतो आणि वेग जुळायला उलट सव्वापट वेळ लागतो. चाल आखूड म्हणून गिअर आपोआप लवकर पडत नाही. तो लवकर पाडायचा तर हाताने जोर वाढवावा लागतो, आणि घाईची सवय अंगवळणी पडली की आधी झिजते ते हे कडेच.

आडवी चालही त्याच प्रमाणात आखूड होते, हा तोटा विक्रेते क्वचितच सांगतात. गिअरांच्या रांगा जवळ आल्याने तिसऱ्यातून चौथ्यात जाऊ पाहणारा हात चुकून दुसऱ्यात गेला, तर चाकेच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात. अशा वेळी इंधन तोडणारा वेगनियंत्रकही इंजिन वाचवू शकत नाही.

मग जुना दांडा नकोसा का वाटतो? बहुतेकदा त्याचे कारण लांबी नसून खेळ असतो. भाग झिजल्याने गिअर न हलताच दांडा हलतो, त्या मोकळ्या हालचालीला कारागीर खेळ म्हणतात. एमएक्स-५ मध्ये दांड्याच्या खालच्या टोकावर नायलॉनचा छोटा बुश असतो. तो झिजला किंवा फुटला की दांडा डुलू लागतो. त्यावरचे रबरी आवरण फाटले की गिअरबॉक्सची उष्णता आणि तेलाचा वास आसनांपर्यंत येतो. दांड्याखालच्या कप्प्यात थोडे गिअर ऑइल असते, ते आटले की गोळा कोरडा घासू लागतो. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करायला लागणारा खर्च नव्या दांड्याच्या तुलनेत किरकोळ असतो.

दांडा बदलायचाच झाला, तर काम वरूनच होते. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून मूठ, कन्सोल आणि दोन्ही रबरी आवरणे क्रमाने काढावीत. दांडा वर ओढताना नायलॉनचा बुश त्याच्याबरोबर आला की नाही हे पाहणे आवश्यक आहे, कारण तो आत राहिला तर नवा बुश नीट बसत नाही. नायलॉन असल्यामुळे चुंबकाने तो निघतही नाही, चिमट्यानेच काढावा लागतो. काळे पडलेले तेल शोषून घेऊन उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे. जोडणी पूर्ण झाल्यावर इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा, कारण गिअर पूर्ण बसण्याआधीच दांडा पत्र्याला टेकत असेल, तर भर वेगात गिअर निसटतो. नायलॉनऐवजी धातूचा बुश घातल्यास खेळ आणखी कमी होतो, पण नायलॉन जो थरकाप गिळत होता तो मग तळहातापर्यंत पोहोचतो.

कंपनीचा दांडा म्हणजे अनेक चालकांचे हात, रोजची रहदारी आणि गिअरबॉक्सचे आयुष्य यांच्यात घातलेली तडजोड असते. ती मोडण्याचा हक्क मालकाला आहे, पण मोडण्यापूर्वी ती मूळ स्थितीत कशी होती हे त्याने एकदा अनुभवलेले असावे. यासाठी आधी बुश, आवरण आणि तेल बदलावे, काही आठवडे गाडी चालवावी, आणि त्यानंतरही चाल लांब वाटली तरच नव्या दांड्यावर पैसे खर्च करावेत.