आप्पाकाकांची संध्याकाळ

बोर्डीच्या आमच्या घरीं दिवेलागण झाली कीं आम्हां सर्वांच्या जिवाला घोर लागतो. आप्पाकाका ओसरीवर येऊन बसतात आणि विचारतात, "अण्णा अजून घोलवडहून आला नाहीं का रे?" अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन गेल्या मार्गशीर्षांत वर्ष झालें.

तीन वर्षांपूर्वीं आप्पांचें हृदय कांहीं मिनिटें बंद पडलें होतें. डॉक्टरांनीं तें पुन्हां सुरू केलें. दुसऱ्या दिवशीं ते बोलूं लागले आणि आम्हीं आनंदानें पेढे वांटले. मेंदूची खरी हानि बहुधा त्याच दिवसांत होत होती, हें आम्हांस पुढें वाचनानें कळलें.

कानशिलाच्या आंत, मेंदूच्या दोन्ही अंगांस, एक वळलेला अवयव असतो. सोळाव्या शतकांत बोलोन्याच्या एका शरीरशास्त्रज्ञास तो समुद्रघोड्यासारखा दिसला, म्हणून त्याचें नांव 'हिपोकॅम्पस'. (समुद्रकांठच्या आम्हां मंडळींस एवढें नांव तरी आपलेंसें वाटलें.) त्यांतील एका पट्ट्यास 'सीए-१' म्हणतात. रक्त थांबलें असतां सर्वांआधीं बळी पडणाऱ्या पेशींत येथील पेशी मोडतात. पण त्या तत्काळ मरत नाहींत. रक्त पुन्हां वाहूं लागतें, सारें ठीक दिसतें, आणि दोन-चार दिवसांनीं त्या मरतात. जपानी संशोधक किरिनो यांनीं १९८२ सालीं जर्बिल नांवाच्या उंदरांत हें दाखविलें. माणसाचा दाखला अमेरिकेंतील 'आर. बी.' या गृहस्थांचा. १९७८ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नवें कांहींच आठवेनासें झालें. बुद्धि मात्र शाबूत होती. पांच वर्षांनीं ते वारले, तेव्हां स्मृतिनाशाचें कारण ठरेल अशी इजा या पट्ट्यांतच आढळली. एवढासा तो पट्टा!

आप्पांचें जुनें सारें जागेवर आहे. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डींत बालवाडी काढली. तिच्या अंगणांतले सवंगडी ते नांवानिशीं सांगतात. आजारानंतर आणलेली चार पायांची काठी ते सराईतपणें टेकतात, पण "ही कोणाची?" म्हणून रोज विचारतात. हाताची शिकवण मेंदूंत निराळ्या वाटेनें जाते, असें म्हणतात.

प्रथम आम्ही त्यांना खरें तें सांगत असूं. ते लहान मुलासारखे रडत, आणि घटकेनें पुन्हां तोच प्रश्न. चार दिवसांत आप्पांनीं आपला भाऊ सहा वेळां गमावला. काकूंचें म्हणणें, "खोटें बोलूं नका, ते भाऊ आहेत त्यांचे." आम्हांसही तें पटे. पुढें वाचलें कीं, अशा रोग्यांच्या मनांतून दुःखाचें कारण पुसलें तरी दुःख मागें रेंगाळतें. २०१० सालीं अमेरिकेंत याचे प्रयोग झाले आहेत. तेव्हां ध्यानांत आलें, आप्पा त्या दिवसांत ताटावरून अर्धपोटीं कां उठत होते तें. त्या दिवसापासून काकूंनीं वाद घातला नाहीं; मात्र उत्तर द्यावयाची वेळ आली कीं त्या माजघरांत जातात.

काल आम्हीं सांगितलें, "गाडीला उशीर आहे, आप्पा."

"असेल," ते म्हणाले. "त्याचें ताट झांकून ठेवायला सांग."

माजघरांतून ताट झांकल्याचा आवाज आला.