आजीचे गिराण

वरळीच्या नेहरू तारांगणात सहल जाणार, अशी सूचना वर्गात वाचून दाखवली गेली तेव्हा मी आठवीत होते. साल १९८८. सूचना ऐकून बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र आधी वर्गणी ऐकू आली. पंधरा रुपये. आम्ही तेव्हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहत होतो. वडील अंबरनाथला एका कारखान्यात रोजंदारीवर होते आणि आई घरी बसून नगावर शर्टांना बटणे लावी. पंधरा रुपयांत घरात काय काय येते ते मला पाठ होते, म्हणून मी घरी काही बोललेच नाही. शेजारच्या मुलीकडून आईला कळले. तिने दुसऱ्या दिवशी उचल आणली. "सर्कशीला मागितले असतेस तर दिले नसते," एवढेच म्हणाली. वर्गातल्या सहा मुली आल्या नाहीत. का आल्या नाहीत ते कुणी विचारले नाही.

विठ्ठलवाडीहून लोकलने दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, मग रेसकोर्सच्या कडेने दोघी-दोघींच्या रांगेत पायी. तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालेले, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. आत गोल घुमटाखाली मधोमध एक काळे यंत्र उभे होते. दोन्ही टोकांना मोठे गोळे आणि मध्ये बारीक कंबर. आम्ही त्याला लगेच मुंगळा म्हणू लागलो. हळूहळू दिवे मंदावले आणि घुमटभर तारे उगवले. आमच्या भागात कारखान्यांच्या धुरातून वीस तारे मोजायचे म्हटले तरी मान दुखायची. माझ्या पुढची मुलगी तर खुर्चीला घट्ट धरून बसली होती, आपण वर जातोय असे वाटून.

पुढे ग्रहण दाखवले. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र येतो, त्याची सावली पृथ्वीवर पडते. चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर अमावास्येला ती सावली पृथ्वीवर पडत नाही, वरून किंवा खालून निघून जाते. पुस्तकात हे वाचून मी गुण मिळवले होते. समजले त्या दिवशी.

मला हे आजीला सांगायचे होते. आमची आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या तरुणपणी गावात ग्रहण लागले की आपल्या लोकांनी टोपल्या घेऊन दारोदार ओरडत जायचे, "दे दान, सुटे गिराण!" राहू-केतू आपल्याच जातीचे, आपल्याला दिले की ते सूर्याला सोडतात, अशी गावाची समजूत. लोक शिळेपाके, धान्य आणि अंगावरचे जुने कपडे टाकायचे, म्हणजे पीडा त्याबरोबर गेली. १९५६ साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ती टोपली चुलीत घातली. मागणे त्या दिवसापासून बंद झाले. भीती मात्र घरात राहिली. १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी सूर्यग्रहण होते, काकू गरोदर होती, तेव्हा याच आजीने तिला विळीला हात लावू दिला नाही आणि खोलीत अंधार करून निजवून ठेवले. मी पाच वर्षांची होते. काकूला घाम फुटलेला मला अजून आठवतो.

सहलीहून आल्यावर रात्री मी रॉकेलची चिमणी, भावाचा रबरी चेंडू आणि एक लिंबू घेऊन बसले. चिमणी सूर्य, चेंडू आपण, लिंबू चंद्र. लिंबाची सावली चेंडूवर फिरवून दाखवली. आजीने दोनदा करायला लावले. मग म्हणाली, "एवढंच? निस्ती सावली?" बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग आमी कुनाचं गिरान सोडवत हुतो गं?" एका ग्रहणाला कुणीतरी टाकलेल्या हिरव्या लुगड्यात तिने माझ्या वडिलांना बाळपणी गुंडाळले होते, हे त्या रात्री पहिल्यांदा सांगितले. वडील तिथेच बसले होते. ते उठून बाहेर गेले.

पुढे आम्ही बदलापूरला राहायला आलो. २०१९ च्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या वर्गाची सहल ठरत होती. पालकांच्या बैठकीत बहुतेकांचे मत पाण्याच्या रिसॉर्टकडे. मुलांनी पाण्यात खेळू नये असे माझे म्हणणे नाही, पण त्याची वर्गणी तारांगणाच्या तिप्पट होती, हेही कुणी बोलायला हवे होते. मी बोलले. दोन मुलांची वर्गणी आमच्या विहारातल्या महिला मंडळाने भरली आणि मी मुलांबरोबर गेले. मुंगळा नव्हता. २००३ साली त्याच्या जागी डिजिस्टार ही संगणकावर चालणारी यंत्रणा आली. ताऱ्यांमधून आता आपण खरोखर उडत जातो, तरी मला मुंगळ्याची चुकचुक लागलीच. बाहेर निरनिराळ्या ग्रहांवरचे वजन दाखवणारे काटे आहेत. माझी चाळीस किलोची मुलगी चंद्रावर साडेसहा किलो भरली, गुरूवर शंभर. पोरे त्या काट्यांवरून हलेनात.

त्यानंतर लगेच, २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण होते. कण्णूरकडे ते कंकणाकृती दिसले, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या शेजारणीची सून सातव्या महिन्यात होती. तिला खोलीत बसवून पूर्वेच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता. माझी मुलगी चेंडू आणि लिंबू घेऊन त्यांच्याकडे गेली. शेजारणीने कौतुकाने सगळे ऐकून घेतले, तिच्या हातावर लाडू ठेवला, आणि सुनेला काही बाहेर सोडले नाही.

पण त्या पुठ्ठ्याला खिळ्याएवढे एक भोक होते. साडेनऊच्या सुमारास सुनेनेच आतून हाक मारली. भोकातून समोरच्या भिंतीवर उन्हाचा जो कवडसा पडला होता, तो गोल नव्हता, चंद्रकोरीसारखा होता. माझी मुलगी आणि शेजारीण दोघी आत गेल्या. मी गेले तेव्हा तिघी पलंगावर बसून ती कोर हळूहळू जाड होताना बघत होत्या.